‘इतर’ नावाचा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार

चि. टकळी,

अनेक आशीर्वाद. तुझं जाडजूड पाकीट शुक्रवारी मिळालं. मी बरा आहे. मामीचा गुडघा स्वतःच्या मर्जीने दुखतो आणि मर्जी झाली की थांबतो. तुझ्या वसतिगृहातल्या गरम पाण्याचं पुढे काय झालं ते लिहिलं नाहीस, बाकी सगळ्या जगाचं लिहिलंस. लहानपणी तोंड मिटायचं नाही म्हणून तुला टकळी म्हणायचो, आता लेखणी मिटत नाही एवढाच फरक.

‘पेट्रोल-डिझेलचे भाव देशोदेशी वेगळे का?’ हा तुझा निबंध कॉलेजात पहिला आला, त्याबद्दल अभिनंदन. एकोणतीस तारखेला तो सभागृहात वाचायचा, आईबाबा पहिल्या रांगेत बसणार, आणि त्याआधी सरांना परिशिष्टासाठी तज्ज्ञाचं लेखी मत हवं आहे, हे सगळं समजलं. तज्ज्ञ म्हणून तुला मीच सापडावा म्हणजे तज्ज्ञांची टंचाई दिसते. एकवीस वर्षं मी मालवाहतुकीच्या कंपनीत दर सोमवारी एकच काम करतो. कोणत्या ट्रकने कोणत्या देशातल्या कोणत्या पंपावर किती लिटर भरायचं, त्याचा तक्ता. चालक तो आरशामागे खोचतात. तक्त्याच्या तळाशी मी ‘दर तपासून पाहिले आहेत’ असं लिहून सही करतो. तेवढ्यावर तज्ज्ञ म्हणत असशील तर म्हण.

आता पानांकडे वळतो.

पान दोन. कच्चं तेल महागलं की सगळीकडे भाव चढतो, हे बरोबर आहे पण अर्धंच. जगाच्या बाजारात कच्चं तेल सगळ्यांना साधारण एकाच भावाने मिळतं. मग एका देशात टाकी भरायला मजुराची एका दिवसाची कमाई पुरते आणि शेजारी चार दिवसांची लागते, ते का? शर्टाचं उदाहरण घे. कापड म्हणजे कच्चं तेल, शिलाई म्हणजे शुद्धीकरण. ने-आण करायचा खर्च वेगळा, दुकानदाराचा नफा वेगळा. इथपर्यंत दोन देशांतल्या शर्टांत फार तफावत पडत नाही. मग दाराशी सरकार उभं असतं. कुठलं सरकार शर्टाच्या किमतीएवढाच कर लावतं, कुठलं नावापुरता लावतं. ज्याच्या स्वतःच्या जमिनीखाली तेल आहे ते कधी पदरचे पैसे घालून शर्ट वाटतं, म्हणजे लोक इतर बाबतीत फार कुरकुर करत नाहीत. सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. हा परिच्छेद वाढव.

पान चार. तेल परक्या चलनात घ्यायचं आणि आपल्या चलनात विकायचं. आपलं चलन घसरलं की तेल जागच्या जागी असूनही पंपावरचा आकडा चढतो. हे तू एका ओळीत उरकलंस. निदान चार ओळी लिही.

पान पाच छान आहे. ज्या देशाला किनारा नाही, स्वतःचा शुद्धीकरण कारखाना नाही, त्याला तयार माल दुसऱ्याच्या दारातून आणावा लागतो. तिथला एक टँकर रस्त्यातच स्वतः किती डिझेल पितो ते तू बरोबर काढलंस. आकडा मी पडताळला.

पान सहा. भाव चढताना सशासारखा आणि उतरताना कासवासारखा, ही तुझी ओळ ठेव. पंपवाला म्हणतो, टाकीत महागाचा जुना माल आहे, तो संपू दे, मग उतरवतो. चढताना मात्र स्वस्तातला जुना माल कुणाला आठवत नाही. पण सगळे पंपवाले लबाड असं लिहू नकोस. तुझ्या सरांचा सासरा पंपवाला निघायचा.

पान सात. ‘डिझेल हलक्या प्रतीचं असल्याने स्वस्त’, हे काट. बऱ्याच सरकारांनी मालाच्या गाड्या, बसगाड्या, ट्रॅक्टर यांच्यासाठी त्यावर कर कमी ठेवलेला असतो म्हणून ते स्वस्त. जिथे कर सारखा आहे तिथे कित्येकदा डिझेलच महाग असतं.

पान आठ, तुझा तक्ता. कच्चं तेल, शुद्धीकरण, वाहतूक, कर, विक्रेत्याचा नफा आणि शेवटी इतर. समासात तू विचारलंस की ‘इतर’चा रकाना अगदीच बारीक आहे, काढून टाकला तर तक्ता एका पानात मावेल, काढू का?

काढू नकोस. साठवणूक, घट, भेसळीची तपासणी, हंगामाप्रमाणे मिसळायचे पदार्थ, सगळं त्यातच असतं. आकडा लहान असतो म्हणून कुणी वाचत नाही. तक्ता दोन पानं झाला तर होऊ दे.

पहिलं पान तुझ्या बाबांवर आहे. वाक्यं चांगली जमली आहेत. त्याबद्दल वेगळं लिहीन, इथे जागा संपली.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. गरम पाण्याचं कळव.

दर तपासून पाहिले आहेत.
तुझा मामा


११ नोव्हेंबर, मंगळवार

चि. टकळी,

आशीर्वाद. मामीचा गुडघा आज थांबलेला आहे.

तुझं पत्र वाचून हसू आलं. ‘मामा, जागा संपली म्हणालास आणि कागदाची पाठची बाजू अख्खी कोरी होती.’ पोरी, तू अर्थशास्त्र सोडून तपासणी खात्यात जा.

तर पहिलं पान. तू लिहिलंयस: ‘माझे वडील ट्रक चालवत. एका डिसेंबरात थोडे पैसे वाचवायला त्यांनी खिंडीखालच्या देशातच दोन्ही टाक्या स्वस्त डिझेलने भरल्या. वर थंडीत ते डिझेल गोठलं, गाडी बंद पडली आणि त्यांनी हाताची पाच बोटं गमावली. स्वस्ताईचा मोह किती महाग पडतो याचं उदाहरण आमच्या घरात रोज माझ्यासमोर जेवायला बसतं.’

लिहिणारा म्हणून सांगायचं तर सुरुवात चटकदार आहे. सभागृह हसेल आणि मग गप्प होईल, तुला तेच हवं आहे. माझी सूचना एवढीच की निबंध देशोदेशीच्या भावांवर आहे, घरातलं माणूस त्यात कशाला? बाहेरचं उदाहरण घे. सीमेजवळ राहणारे लोक टाकी भरायला पलीकडे जातात, त्याचं घे. मी आकडे देतो.

तू विचारलंस की त्या वेळी खिंडीखालच्या आणि खिंडीकडच्या पंपांच्या भावात नेमका किती फरक होता. अठरा. म्हणजे खालच्या देशात शंभर असेल तर वर एकशे अठरा. सीमा खिंडीच्या पायथ्याशीच आहे. अलीकडे एक पंप, पलीकडे एक, मध्ये चार किलोमीटर. त्या डिसेंबरच्या एक तारखेला वरच्या देशाने कर वाढवला, त्याआधी फरक बाराचा होता. तेरा वर्षांपूर्वीचे आकडे मला तोंडपाठ कसे, असं विचारशील. धंदाच तो आहे.

चालकांना इंधनावर वाचवलेल्या पैशांतला वाटा बक्षीस म्हणून मिळायचा हेही तू कुठून तरी शोधलंस. हो, मिळायचा. सगळ्यांनाच मिळायचा. त्यावरून पुढचा निष्कर्ष काढायची घाई करू नकोस.

बाकी, पंपवाल्याच्या नफ्याबद्दलची तुझी नवी ओळ ठीक आहे. तो बहुतेक ठिकाणी लिटरमागे ठरलेला असतो, त्यामुळे भाव दुप्पट झाला तरी त्याची चैन होत नाही.

कामाचं फार आहे. थांबतो. उदाहरणाचं मनावर घे.

तुझा मामा


२० नोव्हेंबर, गुरुवार

चि. टकळी,

आशीर्वाद. या वेळी खुशाली वगैरे शेवटी लिहीन, राहिलीच तर राहू दे.

तुझं चौदा तारखेचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. तू लिहिलंस की उदाहरण बदलणार नाहीस, कारण जे खरं आहे ते का काढायचं? आई म्हणाली, नको गं वाचूस, चारचौघांत बापाची शोभा. म्हणून तू बाबांनाच फोन लावलास आणि पहिलं पान वाचून दाखवलंस. बाबा हसले आणि म्हणाले, ‘वाच की. चांगलं लिहिलंयस.’

इथे मला थांबावं लागलं.

मी सांगतो ते क्रमाने वाच. मला क्रमाने लिहायची सवय आहे.

त्या काळी आमच्या कंपनीचे जुने चालक खिंडीच्या वाटेवर एक पद्धत पाळायचे. हिवाळ्यात खालच्या पंपावर फक्त अर्ध्या टाक्या भरायच्या आणि उरलेल्या अर्ध्या चार किलोमीटर पुढे, वरच्या देशातल्या पंपावर. हे त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं आणि त्यांनी त्यांच्या आधीच्याकडून. कारण कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मीसुद्धा माझ्या तक्त्यात आठ वर्षं तसंच लिहीत आलो. मग डिसेंबरात कर वाढला आणि फरक अठरावर गेला. साहेबांनी मला बोलावून विचारलं, वर अर्धी टाकी भरायची गरजच काय? मी म्हणालो, काही नाही, सवय आहे लोकांची. म्हणाले, मग मोडा.

मी मोडली. सोमवारच्या तक्त्यात खालच्या पंपासमोर ‘दोन्ही टाक्या पूर्ण’ लिहिलं आणि वरचा पंप कापला. महिन्याची बचत काढली तर आकडा पाहून माझाच मला हेवा वाटला. मी तेव्हा पस्तिशीचा होतो आणि या विषयात आपल्याला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो होतो.

त्या वाटेला त्या आठवड्यातली पहिली गाडी भाऊजींची होती. ते तक्ता न्यायला माझ्या टेबलाशी आले. उभ्याउभ्या वाचला. मग म्हणाले, “वरचा पंप का काढलास? वर थंडी वाढलीय. तिकडचं अर्धं घेतो मी, माझ्याकडून फरक कापून घे.”

आणि मी म्हणालो, “भाऊजी, डिझेल ते डिझेल. फरक फक्त कराचा आहे. सरकारला देणगी कशाला देता?”

वीस वर्षं त्या वाटेवर गाडी चालवणारा माणूस होता तो, आणि मी ती खिंड फक्त नकाशावर पाहिलेली. पण शिकलेला मेहुणा सांगतोय म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, कागद घडी करून खिशात घातला आणि गेले. त्यांच्या जागी दुसरा चालक असता तर त्याने मला दोन शिव्या हासडून वरचं अर्धं घेतलंच असतं. त्यांनी माझं ऐकलं कारण मी ताईचा भाऊ होतो.

अठरामध्ये कर अकराच होता. उरलेले सात वरच्या देशाच्या हिवाळी डिझेलचे होते. थंडीत साध्या डिझेलमधलं मेण सुटतं, ते दाट होतं आणि नळ्या तुंबतात. ते होऊ नये म्हणून वरचे लोक हिवाळ्यात वेगळं डिझेल विकतात, ते करायला खर्च येतो. जुने चालक दोन्ही मिसळून निभावून न्यायचे. हे सात वरच्या पंपाच्या दरपत्रकात छापलेले होते. दर महिन्याला ते दरपत्रक माझ्याकडेच यायचं. ‘इतर’ या रकान्यात होते ते सात. मी बेरीज पाहायचो, कराचा रकाना पाहायचो आणि कागद फाईलला लावायचो.

आता कळलं असेल, मी तो रकाना का काढू दिला नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. गाडी खिंडीच्या ऐन चढावर दुपारी बंद पडली. मागून येणारं कुणी नव्हतं. इंजिन बंद म्हणजे केबिनची ऊबही बंद. भाऊजी खाली उतरले, गाळणी उघडली, तिच्यात मेणाचा लगदा होता. हातमोजे घालून गाळणीची फिरकी नीट पकडता येईना म्हणून त्यांनी मोजे काढले. त्या थंडीत ते डिझेल हातावर सांडलं की कातडी पाण्यापेक्षा वाईट गोठते. हेही मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. उजव्याची तीन आणि डाव्याची दोन गेली. त्यांनी तासभर प्रयत्न केला, कारण मागे ताईला फोन करून जेवायला कधी पोचतो ते सांगितलेलं होतं. बर्फ काढणारी गाडी आली तेव्हा ते चाकाला टेकून बसलेले होते.

इथवर चूक आहे. माणसाच्या हातून होते. एवढंच असतं तर मी तुला हे दहा वर्षांपूर्वीच सांगितलं असतं, असं मला वाटतं.

बातमी मंगळवारी सकाळी ऑफिसात आली. त्या वाटेला अजून दोन गाड्या निघायच्या होत्या. मी धावत जाऊन त्यांचे तक्ते परत घेतले, फाडले, आणि जुन्या पद्धतीने अर्धं-अर्धं लिहून नवा तक्ता केला. घाईत त्यावर सोमवारचीच तारीख टाकली. घाईत टाकली, हे खरं आहे. पण गुरुवारी चौकशीवाल्यांनी त्या आठवड्याचा तक्ता मागितला तेव्हा मी तोच नेऊन दिला, आणि तेव्हा मला काडीची घाई नव्हती. साहेबही तिथेच बसले होते. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी मागवलं. आम्ही दोघेही मूग गिळून बसलो.

आता फक्त भाऊजींकडे असलेली प्रत उरली होती. मी इस्पितळात गेलो तेव्हा माझ्या डोक्यात त्यांच्या हातांच्या आधी तो कागद होता. हे लिहायला मला आज तेरा वर्षांनी जड जातंय. त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले. ताई औषध आणायला खाली गेली होती. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, “तुझा कागद मी जाळला. गाळणीखाली काहीतरी पेटवायचं होतं, दुसरं कोरडं काही नव्हतं.” मग म्हणाले, “चौकशीवाले येऊन गेले. मी म्हटलं, माझ्या मनाने भरलं. माझी नोकरी गेलीच आहे, तुझी कशाला घालवायची?”

मी नको म्हटलं नाही. मी म्हटलं, काळजी घ्या. आणि संत्री ठेवून निघून आलो.

चौकशीत लिहिलं गेलं: ‘चालकाने बक्षिसाच्या लोभाने तक्ता पाळला नाही.’ त्यामुळे भरपाई मिळाली नाही आणि परवाना गेला. भाऊजी वजनकाट्यावर चिठ्ठ्या फाडायच्या कामाला लागले. ताईने त्यांच्या सगळ्या शर्टांची बटणं काढून टिचबटणं लावली. तू सहा वर्षांची होतीस, तुला त्यांचा टिचटिच आवाज आवडायचा, तू त्यांच्या मांडीवर बसून ती उघडझाक करायचीस. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. आज मी त्या विभागाचा प्रमुख आहे, ते असं.

दर सुट्टीत मी तुमच्याकडे जेवायला येत राहिलो. ताई वाढतावाढता कधी चिडली की भाऊजींना म्हणायची, “कुणी सांगितलं होतं नको ते शहाणपण करायला?” भाऊजी म्हणायचे, “कुणी नाही गं.” मी समोर बसून जेवत असायचो, टकळी. प्रत्येक वेळी. ते माझ्याकडे बघायचेही नाहीत, मला अवघड वाटू नये म्हणून. उदाहरण रोज जेवायला बसतं असं तू लिहिलंस. ते समोरच्या पाटावर बसायचं.

तुझं पत्र आल्यावर मी भाऊजींना फोन केला. म्हटलं, मी आता सांगणार. ते म्हणाले, कशाला उकरतोस, पोरगी शिकली, तुझं बरं चाललंय. मी म्हटलं, ती एकोणतीस तारखेला दोनशे माणसांसमोर तुम्हाला लोभी म्हणणार आहे आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसणार आहात. मग म्हणाले, “वाचू दे. या वयात बापावर राग असतोच मुलांना. तिला निदान कारण तरी आहे.”

त्यांनी मला मना केलं आहे. त्यांचं मी आयुष्यात एकदा ऐकायला हवं होतं, टेबलाशी, तेव्हा ऐकलं नाही. आता ऐकणार नाही.

काय केलं ते सांगतो. काल कंपनीला लेखी कळवलं की त्या आठवड्याचा चौकशीत दिलेला तक्ता नंतर केलेला होता आणि मूळ तक्ता चालकाने पाळला होता. फाडलेल्या दोन प्रतींचे तुकडे माझ्याकडे होते, ते चिकटवून सोबत जोडले. ते मी तेरा वर्षं का ठेवले ते मला सांगता येणार नाही. जुने साहेब निवृत्त झालेत. नव्यांनी कागद दोनदा वाचला आणि मला उद्यापासून घरी थांबायला सांगितलं. भरपाईचं काय होईल माहीत नाही, पण ‘लोभाने’ हा शब्द निघेल असं ते म्हणाले. मामीला परवाच सांगितलं. ती गुडघा धरून बसली.

रविवारी मी ताईकडे जातो आहे. तिला माझ्या तोंडून ऐकू दे. तू आधीच फोन करून सांगितलंस तरी माझी तक्रार नाही. ती मला दारात उभं करेल की नाही माहीत नाही. जिन्यात उभा राहूनही सांगता येतं.

आता तज्ज्ञाचं मत. पहिल्या पानाची दुरुस्ती अशी:

‘माझे वडील ट्रक चालवत. एका डिसेंबरात भावातला फरक फक्त कराचा असतो असं समजणाऱ्या एका माणसाने त्यांना तसं लिहून दिलं. त्यांना शंका होती. पण तो घरचा माणूस होता, म्हणून त्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि नंतर त्याचं नाव घेतलं नाही.’

पुढची ओळ तुझी तू लिही, ती मला जमणार नाही. भाषा तुझी माझ्यापेक्षा बरी आहे. आठव्या पानावरच्या ‘इतर’ रकान्याखाली एक टीप दे की हिवाळी डिझेलचा जादा खर्च यात धरला आहे. आणि हे पत्र परिशिष्टाला जोड. सरांना पहिलं पत्र आवडलं असेल, पण लेखी मत म्हणून ग्राह्य धरायचं ते हेच.

एकोणतीसला मी सभागृहात येणार नाही. तू वाचत असताना लोकांनी तुझ्या बाबांकडे वळून पाहावं, माझ्याकडे नको. वाचून झाल्यावर त्यांच्या शेजारी जाऊन बस. त्यांचं सगळ्यात वरचं टिचबटण हल्ली नीट बसत नाही, ते लावून दे. ते स्वतः कुणाला सांगणार नाहीत.

गरम पाण्याचं कळव, नाहीतर नको कळवूस.

दर तपासून पाहिले होते. बाकी काही पाहिलं नव्हतं.

तुझ्या बाबांचा मेहुणा